भिंतीवर टेपने मोजलेलं पाणी : इयान वादळ आणि आमचं घर

२८ सप्टेंबर २०२२ ला दुपारी तीनच्या सुमारास इयान हे हरिकेन फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळच्या कायो कोस्टा बेटावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १५० मैल, म्हणजे जवळपास २४० किलोमीटर. वाऱ्याच्या वेगावरून ठरणाऱ्या पाच श्रेणींतली चौथी. आमचं घर तिथून दक्षिणेला, ली काउंटीतल्या फोर्ट मायर्सच्या आयोना भागात. जुनं, एकमजली. खिडकीतून समुद्र दिसत नाही, त्यामुळे आपण समुद्राकाठी राहतो हे रोजच्या धबडग्यात विसरायला होतं. त्या आठवड्यात घरात आम्ही पाच जण होतो. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. आई इन्सुलिनवर आणि बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

बुधवारी त्या घरात साडेचार फुटांच्या वर पाणी चढलं. तेव्हा आमच्यापैकी कुणीही आत नव्हतं. पण सोमवारी दुपारपर्यंत आम्ही घरातच थांबणार होतो, आणि तयारी उत्तम झाली आहे असं समजून थांबणार होतो. चांगली तयारी केलेलं घर चुकीच्या निर्णयाच्या इतकं जवळ कसं गेलं, ते नीट मांडावं म्हणून हे लिहितो आहे.

शुक्रवार ते रविवार : वाऱ्याची तयारी

२३ तारखेला, शुक्रवारी, राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली तेव्हा वादळ अजून कॅरिबियन समुद्रात होतं आणि त्याला धड नावही मिळालेलं नव्हतं. आम्ही लगेच कामाला लागलो. पाण्याचा हिशोब माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. पाच माणसं, सात दिवस, पस्तीस गॅलन. दुकानातल्या बाटल्या संपायच्या आत आम्ही रिकामे कॅन आणून घरच्या नळाचंच पाणी भरून ठेवलं.

औषधांचं काम मात्र त्याच दिवशी झालं याचं मला आजही समाधान आहे. आणीबाणी जाहीर झाली की फ्लोरिडात मुदतीआधीच तीस दिवसांची औषधं भरून घेता येतात, तशी कायद्यात तरतूद आहे. आईची औषधं भारतातून आणलेली होती, त्यामुळे हा नियम तिला थेट लागू नव्हता. तरी तिच्या इन्सुलिनच्या कुपी मोजल्या, बर्फाची पिशवी गोठवायला ठेवली, आणि औषधविक्रेतीकडून एक गोष्ट पक्की करून घेतली. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, पण ती बंद गाडीत ठेवायची नाही आणि थेट बर्फाला टेकवायची नाही. वीज गेल्यावर फ्रीज किती तास थंड राहील या काळजीतला अर्धा भार त्या एका वाक्याने उतरला.

शनिवार-रविवार खिडक्यांत गेले. आमच्याकडे अल्युमिनियमचे नालीदार पत्रे आहेत. मागच्या मालकाने प्रत्येक पत्र्यावर मार्करने लिहून ठेवलं होतं, ‘किचन १’, ‘किचन २’, ‘मागचं दार’. बाबा खुर्चीवर बसून मांडीवरच्या स्टीलच्या वाटीतून एकेक नट माझ्या हातात देत होते. आठ-दहा नट गंजलेले निघाले. ते तेल लावून, पक्कडीने फिरवून सोडवण्यात रविवारची सकाळ गेली. काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची जुनी सवय काही घरांत अजून दिसते. तिने काच वाचत नाही, उलट फुटली तर मोठे धारदार तुकडे उडतात. पत्रा नसेल तर जाड प्लायवूड लावावं. तेही भोकं आधी पाडून, मापाने कापून ठेवलेलं असलं तर, कारण ऐनवेळी दुकानात प्लायवूड मिळत नाही.

गॅरेजच्या दाराला आतून आडवे टेकू दिले. हे काम बहुतेक जण सोडून देतात. घराला असलेलं सगळ्यांत मोठं भोक तेच. ते दार आत दबून फुटलं की वारा घरात शिरतो आणि छपराला खालून उचलतो. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले आणि २००२ पासून राज्यभर एकच संहिता लागू झाली. आमचं घर त्याच्या आधीचं, म्हणून टेकू.

कागदपत्रांचे फोटो, पासपोर्ट, थोडी रोकड, टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, गाडीत पूर्ण टाकी पेट्रोल, हे सगळंही झालं. रविवारी रात्री अंगणात उभं राहून घराकडे पाहिलं तर ते पेटीसारखं बंद दिसत होतं. मला खरंच सुरक्षित वाटलं.

यादीतलं प्रत्येक काम वाऱ्यासाठी होतं. पाणी घरात येईल, या एका शक्यतेसाठी आम्ही काहीही केलेलं नव्हतं.

नकाशावरची रेघ आणि चार्लीची आठवण

असं का झालं? दोन कारणं दिसतात.

पहिलं नकाशाचं. अमेरिकेचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र वादळाच्या पुढच्या वाटेचा एक शंकू काढतं. इथे सगळे त्याला ‘कोन’च म्हणतात. त्या दिवसांत शंकूच्या मधली रेघ आमच्या उत्तरेला असलेल्या टॅम्पा शहराकडे किंवा त्याच्याही वर जात होती आणि आमचा भाग शंकूच्या दक्षिण कडेला होता. ‘टॅम्पाला जातंय’ हे वाक्य मी त्या तीन दिवसांत किती वेळा ऐकलं आणि स्वतः किती जणांना सांगितलं, याची गणती नाही. टॅम्पा उपसागराला १९२१ नंतर मोठ्या वादळाचा थेट तडाखा बसलेला नव्हता, त्यामुळे टीव्हीवरही तीच चिंता.

पण शंकूचा अर्थ एवढाच, की वादळाचं केंद्र साधारण तीनातल्या दोन वेळा त्याच्या आत राहतं. शंकूची रुंदी म्हणजे वादळाचा आकार नव्हे. पाऊस, वारा, पाणी शंकूच्या बाहेरही पोहोचतं. त्यात फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याची एक खास अडचण आहे. दक्षिणेकडून येणारं वादळ या किनाऱ्याला जवळजवळ समांतर चालतं, आणि रस्त्याकडेच्या भिंतीला गाडी घासावी तसं तिरपं येऊन भिडतं. त्याची दिशा थोडीशी उजवीकडे कलली, की धडकण्याची जागा दीडशे किलोमीटर खाली सरकते. इयानचं तेच झालं.

दुसरं कारण चार्ली. १३ ऑगस्ट २००४ ला चार्ली नावाचं हरिकेन टॅम्पाला जाणार म्हणत म्हणत ऐनवेळी उजवीकडे वळलं आणि कायो कोस्टावरच धडकलं. वेगही तोच, ताशी १५० मैल. म्हणजे जागा तीच, श्रेणी तीच, वळणही तेच. शेजारच्या घरात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ एकटेच राहतात. त्यांनी चार्ली याच घरात बसून काढलं होतं. सोमवारी सकाळी कुंपणापाशी उभं राहून ते बाबांना सांगत होते, “दोन तास आवाज झाला, चार कौलं गेली, अंगणात पाण्याचा थेंब नाही.” बाबांना ते मनापासून पटलं. मलाही पटलं. अनुभवी माणसाच्या शब्दापुढे नकाशावरचे रंग फिके वाटतात.

त्यांच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. पण चार्ली आकाराने लहान आणि वेगाने पुढे सरकणारं वादळ होतं. इयानचा पसारा त्याच्या कितीतरी पट आणि चाल संथ. मोठं वादळ सावकाश चालतं तेव्हा वाऱ्याला पाणी रेटायला जास्त समुद्र मिळतो आणि जास्त तास मिळतात. मेक्सिकोच्या आखाताचा हा किनारा दूरवर उथळ आहे. रेटलेल्या पाण्याला खाली जायला जागा नाही, म्हणून ते जमिनीवर चढतं. त्या दोन वादळांची श्रेणी सारखी होती ती फक्त वाऱ्याची. पाण्याची श्रेणी कुठेही लिहिलेली नसते.

सोमवार संध्याकाळ : टेप

सोमवारी संध्याकाळच्या अंदाजात आमच्या किनाऱ्यासाठी पाण्याच्या उंचीचा वरचा आकडा सहा फुटांच्या पुढे गेला. हे आकडे समुद्रसपाटीपासून धरायचे की जमिनीपासून, हे मला इतकी वर्षं इथे राहून ठाऊक नव्हतं. बायकोने वाचून दाखवलं, की एरवी कोरड्या असणाऱ्या जमिनीपासून वर. म्हणजे अंगणापासून.

मी गॅरेजमधला टेप काढला. अंगणापासून आमचा उंबरा दीड फूट वर. सहातून दीड गेले, उरले साडेचार. बैठकीच्या खोलीत जमिनीपासून साडेचार फुटांवर भिंतीला पेन्सिलने खूण केली. खूण दिव्याच्या बटणांच्या वर आली. मुलगी तिच्याखाली जाऊन उभी राहिली, तर ती तिच्या डोक्याच्या वर होती. आई पलंगावर बसली होती. तो पलंग दोन फुटांचा.

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बाबा म्हणाले, “अरे, मग माळ्यावर चढू की.” इथले माळे म्हणजे छपराखालची बंद पोकळी, तिला बाहेर पडायला दुसरी वाट नसते. पाणी मागोमाग आलं तर माणूस तिथे अडकतो. आणि बाबांचा गुडघा त्या घडीच्या शिडीवर चढणार नव्हता. मी त्यांना म्हटलं, “बाबा, तुम्ही चढाल का? आईला चढवाल का?” त्यांनी भिंतीवरच्या खुणेकडे पाहिलं आणि म्हणाले, “सकाळी निघू.”

या प्रकरणातली निर्णायक घटना मला विचाराल तर हीच. आमचं घर झोन ‘ए’ मध्ये आहे, म्हणजे सगळ्यांत आधी रिकामा करायचा भाग, हे मला घर घेतल्यापासून माहीत होतं. पण ‘झोन ए’ हे अक्षर होतं आणि पेन्सिलची खूण आमच्या भिंतीवर होती. ज्यांची घरं सखल किनाऱ्याला आहेत, त्यांनी वादळाची वाट न बघता एखाद्या रविवारी टेप घेऊन हे मोजावं, घरातल्या सगळ्यांना बोलावून मोजावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मंगळवार : निघणं

मंगळवारी, २७ तारखेला सकाळी झोन ‘ए’ आणि ‘बी’चा काही भाग रिकामा करण्याचा सक्तीचा आदेश आला. त्याच पहाटे इयानने पश्चिम क्युबा ओलांडला होता आणि दिवसभरात त्या सबंध देशाची वीज गेली. आमच्याकडे पुरता दीड दिवसही उरला नव्हता. सामान रात्रीच भरलेलं असल्याने आम्ही अकराला बाहेर पडू शकलो.

कुठे जायचं हा प्रश्न मोठा वाटतो, पण पाण्यापासून पळायचं असेल तर शेकडो मैल लागत नाहीत. उत्तरेला ऑर्लँडोकडे गेलेले काही ओळखीचे लोक वादळाच्याच वाटेत सापडले, कारण इयान नंतर राज्य आडवं कापत तिकडेच गेलं. आम्ही पंचवीस मैलांवर, लीहाय एकर्समध्ये मित्राकडे गेलो. किनाऱ्यापासून आत, सगळ्या झोनच्या बाहेर, नव्या संहितेनुसार बांधलेलं घर. डॅनियल्स पार्कवेवर गर्दी होती, तरी दीड तासात पोहोचलो. बाबांना दर अर्ध्या तासाने पाय मोकळा करावा लागतो. चौदा तासांचा प्रवास त्यांना झेपला नसता.

शेजारच्या गृहस्थांना मी दोनदा विचारलं. ते नाही म्हणाले. त्यांचा एक म्हातारा कुत्रा आहे, त्याला कुठे नेणार, ही त्यांची अडचण होती. कुत्र्यालाही घेऊ, असं मी बोलून गेलो. पण गाडीत पाच माणसं आणि सामान असताना माझ्या सुरात जोर नव्हता. ते त्यांना जाणवलं असणार. आमच्याकडे दुसरी गाडी होती. ती मी गॅरेजमध्ये टेकू दिलेल्या दारामागे उभी करून आलो होतो, सुरक्षित राहील म्हणून. ती बायकोला चालवायला दिली असती तर जागेचा प्रश्नच नव्हता. ही चूक माझी आहे आणि ती मला अजून टोचते.

बुधवार

लीहायमध्ये वारा दुपारी बाराच्या सुमारास वाढला आणि रात्रीपर्यंत कमी झाला नाही. चार्लीचे ‘दोन तास’ इथे आठ-नऊ तास चालले. आम्ही नऊ जण मधल्या बोळात गाद्या टाकून बसलो, कारण त्या बोळाला खिडकी नव्हती. मित्राच्या गॅरेजचं दार लोहाराच्या भात्यासारखं आतबाहेर होत होतं. वाऱ्याच्या प्रत्येक झोताला दोन-तीन इंच आत, मग धाडकन बाहेर. आम्ही पाळीपाळीने जाऊन टेकू सरकले नाहीत ना, ते बघत होतो.

तीन वाजता वीज गेली. जनरेटर होता, पण तो वादळ ओसरेपर्यंत सुरू करायचा नाही हे आधीच ठरलं होतं. गुरुवारी सकाळी तो घरापासून वीस फुटांच्या पलीकडे, धुराचं तोंड घराच्या उलट्या बाजूला करून लावला आणि आत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवला. पावसात भिजतो म्हणून लोक जनरेटर गॅरेजमध्ये घेतात. त्या वायूला वास नसतो, झोपलेली माणसं झोपेतच जातात.

संध्याकाळी रेडिओवर ऐकलं, की टॅम्पा उपसागराचा तळ उघडा पडला आहे आणि लोक त्यावर चालत आहेत. उत्तर गोलार्धातलं वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. केंद्राच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दक्षिणेला समुद्राकडून जमिनीवर. टॅम्पा उत्तरेला राहिलं म्हणून तिथलं पाणी ओढलं गेलं, आणि आम्ही दक्षिणेला राहिलो. फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून दहा ते पंधरा फूट पाणी चढलं. सॅनिबेल बेटाचा जोडरस्ता अनेक ठिकाणी तुटून वाहून गेला.

इयानने अमेरिकेत घेतलेले बळी हरिकेन केंद्राच्या अहवालानुसार १५६. त्यातले ४१ थेट समुद्राच्या चढलेल्या पाण्याने गेले आणि त्यांतले बहुतेक आमच्याच काउंटीतले. मेलेल्यांत साठी ओलांडलेली माणसं फार होती. गुडघे दुखणारी, रात्रीची गाडी न चालवणारी, चार्ली पाहिलेली.

परत आल्यावर

शनिवारी आम्ही दोघंच परत गेलो. आई-बाबांना नेलं नाही. दार फुगून बसलं होतं, खांदा लावून उघडावं लागलं. आत सगळीकडे करड्या रंगाचा गुळगुळीत चिखल, त्याला डिझेल आणि मैल्याचा वास. सोफा स्वयंपाकघरात जाऊन आडवा पडलेला. खिडक्यांचे पत्रे जसेच्या तसे, एक नटही सैल नाही. पाण्याची रेघ पेन्सिलच्या खुणेच्या चार बोटं वर होती.

शेजारचे गृहस्थ जिवंत होते. कुत्र्याला उचलून ते आधी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसले, पाणी ओट्यावर आलं तेव्हा उभे राहिले, आणि अंधार पडेपर्यंत उभेच होते. मला बघून त्यांनी हात केला. मला काही बोलता आलं नाही.

पुढचे आठवडे उपसण्यात गेले. भिंतींचे आतले तक्ते पाण्याच्या रेघेच्या वरपर्यंत कापून काढले, कारण ओल राहिली तर दोन दिवसांत बुरशी धरते. त्याआधी प्रत्येक खोलीत टेप उभा धरून पाण्याच्या रेघेचे फोटो काढले, विम्यासाठी ते सगळ्यांत उपयोगी पडले. नळाचं पाणी उकळून पिण्याची सूचना होती, खळखळून एक मिनिट. बूट-हातमोज्यांशिवाय त्या पाण्यात कुणाला उतरू दिलं नाही. त्या महिन्यात काउंटीत व्हिब्रिओ जिवाणूचे रुग्ण वाढले होते आणि तो साध्या ओरखड्यातूनही शिरतो. गॅरेजमधली गाडी खाऱ्या पाण्याने संपलीच होती.

विम्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे ओळखीची कितीतरी घरं फसली. इथला साधा घरविमा वाऱ्याचं नुकसान देतो, पुराचं देत नाही. पुराचा वेगळा विमा राष्ट्रीय पूरविमा योजनेतून घ्यावा लागतो, इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानासाठी एक लाख. तो लागू व्हायला सहसा तीस दिवस लागतात, म्हणजे वादळाला नाव मिळाल्यावर धावून उपयोग नाही. कर्ज देणाऱ्याने सक्ती केली म्हणून आमच्याकडे इमारतीचा होता. सामानाचा मी हप्ता वाचवायला घेतला नव्हता. बिछान्यापासून फ्रीजपर्यंत सगळं खिशातून गेलं.

आज मागे वळून पाहताना यादीतल्या फार थोड्या गोष्टी मी बदलीन. पत्रे, पाणी, औषधं, टेकू हे सगळं योग्यच होतं, फक्त क्रम चुकला होता. आधी विचारायचं होतं, या घरात थांबता येईल का. त्याचं उत्तर झोनच्या नकाशावर आणि टेपवर सप्टेंबरच्या कितीतरी आधी तयार होतं. ते नाही असं होतं. त्यानंतर घर बंद करण्याचं काम फक्त घर वाचवण्यासाठी उरतं, आणि तेवढं झालं की निघायचं. रेघ कुठे जाते याच्याशी आपल्या निघण्याचा काही संबंध ठेवायचा नाही. आता आमच्या घरात निघण्याची अट लिहून ठेवलेली आहे. आमच्या किनाऱ्याला सर्जचा, म्हणजे समुद्राचं पाणी जमिनीवर चढण्याचा, इशारा लागला की आदेशाची वाट न बघता त्याच दिवशी बाहेर.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन आलं. रेघ पुन्हा टॅम्पावर होती, आणि ते शेवटी बुधवारी, ९ तारखेला, सारासोटाजवळच्या सिएस्टा कीवर धडकलं. आम्ही सोमवारी संध्याकाळीच निघालो, दोन्ही गाड्या घेऊन. दुसऱ्या गाडीत पुढच्या सीटवर शेजारचे गृहस्थ होते, मागे त्यांचा कुत्रा जुन्या रजईवर झोपलेला. निघताना त्यांनी मला थांबवून विचारलं, “टेप घेतलास ना?”